वाफ्यातला उंबर

मागच्या उन्हाळ्यात मी सकाळी उठलो की पहिल्यांदा मागीलदारी जायचो आणि उंबराभोवती फिरायचो. खोडाला हात लावायचा, वर फांद्या कुठवर गेल्या ते बघायचं, मग मुळं जमिनीतून कुठे कुठे वर आली आहेत ते पायाने चाचपायचं. एक फेरी झाली की दुसरी. बायको आतून ओरडायची, "अवो, तो काय तुमच्याशी बोलणार नाय. तोडा तरी, नायतर आंघोळ करून ऑफिसात तरी जावा." मी दोन्हीतलं एकही लगेच करत नसे.

आमचं घर मालवणपासून थोडं आत, वाडीच्या टोकाला. मागचं दार उघडलं की समोर बायकोचा फुलांचा वाफा. वाफ्याच्या डाव्या हाताला न्हाणी, उजव्या हाताला रहाटाची विहीर. विहिरीला चिऱ्यांचा कठडा आहे, पण कपडे धुवायची दगडी डोण आहे त्या बाजूला तो आमच्या आजोबांपासूनच नव्हता. घागर भरून सरळ बाहेर काढता यावी म्हणून तेवढी बाजू मोकळी ठेवलेली. आम्ही सगळे त्या उघड्या बाजूच्या सवयीचे होतो.

वाफ्यात अबोली आणि शेवंती. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी बायकोने वालावलहून, तिच्या माहेरून, शेवंतीचे फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीतून आणले होते. या घरात आल्यावर तिने स्वतःच्या मर्जीने केलेली ती पहिली गोष्ट. बाकी सगळं घर आधीच मांडलेलं होतं, माझ्या आईने.

उंबर कोणी लावला नाही. कुठल्यातरी पाखराने टाकलेलं बी असणार. वाफ्याच्या मधोमध तो दोन पानांचा असताना मी पाहिला होता. दोन बोटांत धरून उपटता आला असता. बायको म्हणाली, उपटा. आई म्हणाली, एवढंसं रोप, राहू दे. मी म्हणालो, बघूया.

"बघूया" या शब्दावर मी अर्धं आयुष्य काढलंय. ओरोसला कार्यालयात कारकून आहे, तिथेही टेबलासमोर माणूस उभा राहिला की माझ्या तोंडून तोच शब्द निघतो. समोरच्याला वाटतं, काम होणार. घरच्यांना मात्र माहीत असतं की हा आता विसरणार.

मी विसरलो नाही, पण उंबर थांबला नाही. पुढच्या पावसात तो कमरेएवढा झाला, त्याच्या पुढच्या पावसात पागोळीला लागला, आणि मग कौलांवर सावली पाडू लागला. त्याची एक फांदी तर आमच्या मागच्या दाराच्या दिशेने, छातीएवढ्या उंचीवर, आडवी वाढली. येता-जाता सगळ्यांना आपटायची. मी ती छाटायला कोयता घेतला तेव्हा आईने अडवलं. "वायच वाकान चल, मान काय मोडणा नाय." वाकून चालायला लागलो.

खोडाला फळं धरली, ती पिकून वाफ्यात पडली, कुजली, माश्या घोंघावू लागल्या. शेवंतीला ऊन मिळेना. उंच, किरकोळ, पिवळट अशी ती वाढत राहिली आणि एका थंडीत तिला फूलच आलं नाही. अबोली कशीबशी तग धरून होती, पण तिथेही एक रोजचं भांडण होतं. आई देवपूजेसाठी सकाळी अबोली काढायची आणि उमललेल्या फुलांबरोबर उद्याचे कळेही ओरबाडून आणायची.

"आई, कळे कित्याक खुडतात? उद्याक काय ऱ्हवता मग?" बायको म्हणायची.

"देवाक कळे चलतत."

"देवाक चलतत, पण झाडाक चलणत नाय."

"बरा, तुजा झाड, तुजी फुला. मी तुळस वाहीन."

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परडीत कळे. बायकोला तो सरळ सरळ सासूचा हट्ट वाटायचा. मलाही. मी मध्ये पडायचो नाही.

मग न्हाणीतला चिरा उचलला गेला. आंघोळीचं पाणी निचरा न होता पायाशी तुंबू लागलं. गवंड्याने एक चिरा काढून दाखवला तर खाली मनगटाएवढं मूळ. मागच्या मे महिन्यात विहीर उपसली. गाळ काढायला खाली उतरलेला माणूस वर बघून ओरडला, "दाढी लोंबता हय भिंतीक!" उंबराची मुळं, पांढरी, बारीक, झुबक्याने दगडांच्या फटींतून विहिरीत उतरली होती.

त्या संध्याकाळी जेवताना बायको विहिरीचा विषय काढून म्हणाली, "एक काय तां ठरवा. झाड ऱ्हवात नायतर बाव ऱ्हवात."

"उंबर तोडूचो नाय," आई म्हणाली. "दत्त ऱ्हवता थंय."

"दत्ताक सगळो मुलूख मोकळो आसा. आमच्याच न्हाणीखाली कित्याक इलो?"

"तुज्या शेवंतेपेक्षा दत्त बरो."

"शेवंती मी देवाकच घालतंय मां? का माज्याच डोक्यात माळतंय?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी भात कालवत राहिलो.

आज लिहिताना मला एका गोष्टीची लाज वाटते. माझी आई अशा कारणांनी झाडं राखणारी बाई नव्हती. माझ्या लहानपणी विहिरीच्या कठड्यात पिंपळ उगवला होता. वाडीतल्या चार बायकांनी तिला सांगितलं, हात लावू नको. आईने त्यांच्यादेखत पहार घातली आणि पिंपळ मुळासकट उपसून काढला. "देवाक ऱ्हवाक देवळा आसत," असं म्हणाली होती. मला ते स्पष्ट आठवत होतं. ती आता दत्ताचं नाव का घेते, हा प्रश्न माझ्या मनात आलासुद्धा. पण म्हातारपणी माणूस देवभोळा होतो असं स्वतःला सांगून मी तो बाजूला ठेवला. प्रश्न असे बाजूला ठेवायची मला सवय आहे.

पाऊस तोंडावर आला होता. पावसात मुळं आणखी पसरतील ही भीती एकीकडे, आईला दुखवायची भीती दुसरीकडे. ऑफिसात बसलो तरी मन मागीलदारी. शेवटी मला एक वाट सुचली. आमच्याकडे ती सगळ्यांनाच सुचते. ग्रामदेवतेला कौल लावायचा.

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो, तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला मोठ्याने हकीकत सांगतो, आणि मग सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्नापासून विहीर खणण्यापर्यंत सगळं असं विचारलं जातं. मी शिकलेला माणूस, पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला देवाचं मत हवं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की तोडायचं किंवा ठेवायचं हे माझ्या तोंडून निघू नये.

घरी न सांगता गेलो. देवळात तीन-चार माणसं आपापल्या कामासाठी बसली होती. गुरव माझ्याच शाळेतला, माझ्याहून थोडा लहान.

"काय इचारूचा?" त्याने विचारलं.

"मागीलदारचो उंबर. तोडूचो काय नको."

"उंबर?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "घरातली सगळी एका इचाराची मां? तसा गाऱ्हाण्यात सांगूक व्हया. घरात फूट असली तर मी कौल लावणंय नाय."

समई शांत जळत होती. बसलेली माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "व्हय, सगळी."

गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या मागीलदारी उंबर वाढलो, घराक आणि बावीक धोको झालो. घरातली लहानथोर सगळी एका इचारान तुज्या पायाकडे इली आसत. तोडूक तुजो हुकूम असात तर उजवो दी, नसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," बसलेली माणसं म्हणाली. मीही म्हणालो.

उजवी पाकळी घरंगळली. गुरव म्हणाला, "झाला तुजा काम." मला हलकं वाटलं, ते पायरी उतरेपर्यंत. स्कूटर घेऊन घरी आलो.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"गाऱ्हाण्यात माजा नाव घातलंस?"

"नाव कोणाचाच घातला नाय. सगळी म्हटला."

ती बराच वेळ सुपात बोटं फिरवत राहिली. "देवान सांगल्यान मां? मगे तोड."

मला ओरडणारी आई चालली असती.

रविवारी झाडं तोडणारा माणूस आला, दोर आणि कुऱ्हाड घेऊन. त्याने चपला काढल्या, उंबरासमोर नारळ ठेवला, हात जोडून काहीतरी पुटपुटला आणि मग मला म्हणाला, "उंबराचा लाकूड चुलीत नीट जळणा नाय, फळ्येक चलणा नाय. तोडून तुमचो फायदो एकच, ऊन." पहिल्यांदा त्याने ती दाराकडची आडवी फांदी उतरवली. तिथे उभं राहून त्याला वर दोर बांधायचा होता. मग आणखी दोन खालच्या. सगळा पालापाचोळा ओढून त्याने डोणीच्या बाजूला ढीग घातला. तेवढ्यात बायकोने चहा केला आणि आम्ही दोघं न्हाणीच्या सावलीला टेकलो.

आई मागच्या दारातून बाहेर आली. काखेत कळशी. ती नेहमी झपाझप चालायची, तशीच आली. दोन पावलांवर तिचा उजवा हात वर गेला, छातीएवढ्या उंचीवर, आणि हवेतच राहिला. ती एक पाऊल पुढे सरकली. हात पुन्हा फिरला, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. तिथे काही नव्हतं. खोड तिच्यापासून हातभर अंतरावर, तिच्या डाव्या कुशीला होतं. ती त्याच्या बाजूने निघून गेली. चाल तशीच, फक्त दिशा चुकलेली. ती डोणीकडे चालली होती, विहिरीच्या उघड्या बाजूला.

मी बघत होतो. हे लिहायलाच हवं, मी क्षणभर नुसता बघत होतो, कारण माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं की मी काय बघतोय. तिचा पाय फांद्यांच्या ढिगात अडकला. कळशी सुटली, डोणीवर आपटली आणि विहिरीत गेली. तो आवाज ऐकल्यावर मी धावलो.

आई गुडघाभर पानांत उभी होती. पुढे दोन पावलांवर पाणी. मी तिचा दंड धरला तसा तिने तो झटकला.

"फांदी खंय गेली?" तिने विचारलं.

बायकोने तिला आणून पायरीवर बसवलं. मी मूर्खासारखी तिच्या चेहऱ्यासमोर बोटं धरली. तिने फटकन माझा हात उडवला.

"माज्यासमोर बोटा नाचवू नको. समोरची दिसतत माका. बाजूक काय दिसणा नाय. खालचाय दिसणा नाय."

"कधीपास्ना?"

"उंबर ढोपराएवढो होतो तेव्हापास्ना."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तुका सांगान काय होणार होता? बघूया म्हटलं असतंस. नायतर म्हटलं असतंस, बावीर जाव नको, चुलीकडे जाव नको, हयसर बस. आणि तू जातलंस ओरोसाक. मगे मी दिवसभर काय करू, भिंत बघीत बसू?"

मग तिने सांगितलं, थोडं थोडं, जणू माझ्यावर उपकार केल्यासारखं. दारातून बाहेर पडलं की हात वर करायचा, फांदी लागते. फांदीवरून हात सरकवत खोडाला यायचं. खोडाच्या पायथ्याशी एक मूळ डावीकडे जातं, एक उजवीकडे. डावं मूळ तळपायाखाली धरून चाललं की न्हाणी. उजवं धरून चाललं की कठडा असलेली बाजू. ज्या मुळाने आमच्या न्हाणीचा चिरा उचलला होता, तोच तिचा रस्ता होता. ज्या मुळांना आम्ही शिव्या घालत होतो, त्यांच्यावर पाय ठेवून ती रोज पाणी आणत होती, आणि आम्हा दोघांना पत्ता नव्हता. एका छपराखाली राहून.

बायको तिच्याजवळ बसली होती. तिने हळूच विचारलं, "म्हणजे आई, कळे..."

"हातान काढतंय मी. फूल काय, कळो काय, ओल्या हाताक कळणा नाय गो."

बायको उठून आत गेली. त्या दिवशी ती वाफ्याकडे फिरकली नाही.

तोडणाऱ्या माणसाला मी थांबवलं. तो दोर गुंडाळत म्हणाला, "उजवो कौल आसा म्हणालात मां? मगे अर्ध्यार सोडूचा नसता. बघा बाबा." आणि गेला. वाडीत ही बातमी माझ्याआधी पोचली: उजवा कौल डावलला.

कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायला थेंब घालायचे, रोज, न चुकता. डॉक्टर तरुण होता. त्याने सहज विचारलं, "घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का?" मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिलो. आईच उत्तरली, शुद्ध मराठीत, दवाखान्यात बोलतात तसं: "मी लक्षात येऊ दिलं नाही, डॉक्टर." मला वाचवल्याबद्दल मी तिचे आभार मानायला हवे होते. तेही मानले नाहीत.

पुढचे दिवस मला स्वस्थता नव्हती. झाड अर्धवट छाटलेलं, एका बाजूने बोडकं. तोडावं तर आईचा रस्ता जातो, ठेवावं तर विहीर जाते, आणि दोन्हींच्या वर तो कौल. वळणावर स्कूटर घसरली तरी मला कौल आठवायचा. बायकोला ताप आला, कौल. विहिरीच्या उघड्या बाजूला मी लगोलग गवंडी बोलावून कठडा घालून घेतला, कोणालाही न विचारता आणि "बघूया" न म्हणता. ते करून तरी बरं वाटेल अशी आशा होती. तो घालायला आई पडायच्या बेताला यावी लागली, हेच मनात येत राहिलं.

शेवटी गुरवाच्या घरी गेलो. तो अंगणात नारळाची सोललेली सोडणं रचत होता. मी विचारलं, दिलेला कौल फिरवता येतो का.

"कौल काय सदरो आसा? अंगाक बसलो नाय म्हणान बदलून घेवक?"

मग मी त्याला खरं सांगितलं. घरातली सगळी एका विचाराची नव्हती. आईला झाड हवं होतं. मी देवासमोर खोटं बोललो.

त्याने हातातलं सोडण खाली ठेवलं. मग म्हणाला, "मगे तो कौलच नाय. खोट्या गाऱ्हाण्यार दिललो कौल बाद. पण तां तू माज्या अंगणात सांगान चलाचा नाय. देवळात सांगूक व्हया, चार माणसांत. आणि जिच्या नावान खोटा बोललंस, तिका घेवन ये."

घरी येताना मी मनात धरलं होतं की आई नको म्हणेल. गावात तिच्या डोळ्यांचं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तिला ते कोणाला कळायला नको होतं. देवळात अनोळखी पायऱ्या, गर्दी. ती नको म्हणाली असती तर माझीही सुटका झाली असती. तिने ट्रंकेतून चांगलं लुगडं काढायला सांगितलं.

देवळाच्या पायऱ्यांशी तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हलका नाही, पूर्ण भार देऊन. बसलेल्यांपैकी दोघं-तिघं उठून उभे राहिले. मी सभामंडपात देवासमोर उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो ते आता शब्दाशब्दाने आठवत नाही. आवाज फाटला होता एवढं आठवतं. सांगून झाल्यावर खांबाला टेकलेला एक म्हातारा म्हणाला, "आवशीच्या नावान? मेल्या, देव काय ओरोसचो सायब आसा, कसलोय अर्ज दिलो तरी सही करूक?" कोणीतरी हसलं.

गुरवाने आईला विचारलं, "आये, आता तू सांग. परत कौल लावू?"

"कौल नको," आई म्हणाली. तिने पाषाणाच्या दिशेने तोंड केलं. दिशा बरोबर होती. "देवा म्हाराजा, माका दिसणा नाय. आजपर्यंत कोणाक सांगलंय नाय, आज तुका सांगतंय आणि हे बसलेले ऐकतत तां बरा. उंबर माका धरूक व्हयो. त्येच्यान बाव बिघडता तां माका म्हायत आसा. मी चालतंय फिरतंय तोपर्यंत ऱ्हवांदे. मगे ह्येंका काय करूचा तां करतले."

मग तोच खांबाजवळचा म्हातारा म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि बाकीचे त्याच्यामागून.

मला वाटलं, संपलं. घरी आलो तर बायको ओट्यावर बसली होती. आईने तिला देवळातलं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आणि माका?"

"तुका काय?"

"पयल्या गाऱ्हाण्यात 'सगळी' म्हणताना माका धरलात, इचारल्याशिवाय. आता झाड ऱ्हवता तां ठरवलात, तेव्हाय इचारलात नाय. वाफो कोणाचो? बावीतला पाणी कोण भरता? आई एक कळशी आणतत, बाकीचा मी आणतंय."

ती ओरडली नाही. मी खोट्याची कबुली द्यायला गेलो होतो आणि परत येईपर्यंत तीच चूक पुन्हा केली होती. या वेळी खोटं बोललो नव्हतो इतकंच. तिची आठवणच झाली नव्हती. दोन्हींतलं काय जास्त वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

आई तिच्या दिशेने सरकत म्हणाली, "गो, तां माका पण सुचूक व्हया होता. तू सांग. तू तोड म्हटलंस तर तोडतले."

"मी कशाक तोड म्हणू?" बायकोचे डोळे भरले आणि ती रागाने ते पुसू लागली. "आता कोणच्या तोंडान म्हणू? तुमी सगळ्यांनी माका म्हणाक काय ठेवलात?"

कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच सांगितलं, काय होणार ते. न्हाणी मोडायची आणि घराच्या दुसऱ्या बाजूला बांधायची. विहिरीतली मुळं दर उन्हाळ्यात मी स्वतः खाली उतरून कापायची, माणूस लावून नाही. आणि तिला समोरच्या अंगणातला तो कोपरा हवा, जिथे पत्र्याखाली माझी स्कूटर उभी असते. सबंध दिवस ऊन फक्त तिथेच येतं. पत्रा काढायचा.

"आणि स्कूटर?" मी विचारलं.

"भिजांदे."

स्कूटर भिजते. शेवंतीचे जे चार फुटवे वाचले ते तिने तिथे लावले, दोन जगले. या थंडीत फूल येईल की नाही सांगता येत नाही. विहिरीचं पाणी सध्या ठीक आहे. उंबराने बोडक्या बाजूला भराभर धुमारे काढले आहेत, पण दाराकडची फांदी काही परत येणार नाही, म्हणून तिथे मी दारापासून खोडापर्यंत बांबू आडवा बांधला. आईला तो आवडत नाही. म्हणते, मेलेलं लाकूड आहे, हाताला काही सांगत नाही. पण धरते.

मी मात्र तिच्या मागे मागे जाऊ लागलो होतो. रोज सकाळी, ती कळशी घेऊन निघाली की चार पावलं अंतर ठेवून, श्वास धरून. तिला कळू नये म्हणून चपलाही काढायचो. परवा ती खोडापर्यंत गेली, थांबली, आणि मागे न वळता म्हणाली, "झिला, मागसून येव नको."

मी जागच्या जागी उभा राहिलो.

"उभो पण ऱ्हव नको. घरात जा."

"पडलंस तर?"

"पडलंय तर ओरडान. माका तोंड आसा."

मी दारापर्यंत मागे आलो. ती ऐकत होती. मी उंबरठा ओलांडेपर्यंत तिने पाऊल उचललं नाही. मग आत येऊन मी दार ओढून घेतलं, आणि बाहेर रहाट वाजायला लागला.